पंगत आणि पारितोषिक

पंक्तिभेद हा शब्द मराठी वाचकास समजावून सांगावा लागत नाहीं. पंगतींत कोणाचें पान कोठें मांडलें, कोणास आधीं वाढलें, कोणास मागाहून वाढलें आणि कोणास ओसरी सोडून अंगणांत बसविलें, यावरून त्या घराचें अंतःकरण जितकें कळतें, तितकें घरधन्याच्या गोड बोलण्यावरून कळत नाहीं. विद्या, धन व कर्तबगारी यांच्या योगानें मनुष्य मोठा होतो हें खरें; परंतु त्याचा मोठेपणा भोंवतालच्या लोकांनीं मनापासून मान्य केला आहे किंवा नाहीं हें पाहावयाचें असल्यास त्याच्या पानाची जागा पाहावी. ही कसोटी केवळ आपल्याच देशांत लागू पडते असें नाहीं. सातासमुद्रांपलीकडे, अमेरिकेंतील हॉलिवूड या चित्रपटनगरींत, दरवर्षीं मोठ्या थाटाचा एक भोजनसमारंभ होत असतो. त्याचें मर्म जाणण्यास हीच कसोटी उपयोगीं पडते, असें आम्हांस वाटतें. म्हणून त्या समारंभाची कांहीं माहिती आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या समारंभाचें नांव 'ब्लॅक विमेन इन हॉलिवूड', म्हणजे हॉलिवूडमधील कृष्णवर्णीय स्त्रिया, असें आहे. 'इसेन्स' नांवाचें मासिक तो भरवितें. हें मासिक मे १९७० मध्यें न्यूयॉर्क येथें निघालें. त्या काळीं अमेरिकेंतील स्त्रियांच्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर कृष्णवर्णीय स्त्रीचा चेहरा क्वचितच दिसे. 'व्होग' या विख्यात मासिकाच्या अमेरिकन आवृत्तीनें तो मान एका कृष्णवर्णीय तरुणीस प्रथम दिला तो १९७४ सालीं. ज्यांच्याकडे इतर मासिकें पाहत नव्हतीं, त्यांच्यासाठींच 'इसेन्स' निघालें. पुढें तें एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या मालकीचें झालें आणि २०१८ सालीं पुन्हा कृष्णवर्णीय मालकाच्या हातीं आलें. चालू शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस या मासिकानें हा भोजनसमारंभ सुरू केला. २०१७ सालीं तो दहाव्यानें साजरा झाला.

हॉलिवूडमधील सर्वांत मोठा मान म्हणजे 'अकॅडमी ॲवॉर्ड'. त्यासच लोक 'ऑस्कर' म्हणतात. १९२९ पासून हें पारितोषिक दिलें जात आहे. त्याचा समारंभ बहुधा रविवारीं सायंकाळीं होतो. त्याच आठवड्यांत, दोन-तीन दिवस आधीं, भर दुपारीं 'इसेन्स'ची ही पंगत बसते. ऑस्करच्या इतक्या शेजारीं ती कां बसावी, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर देण्यासाठीं आपणांस बरेंच मागें जावें लागेल.

त्या काळीं ऑस्करचा समारंभ नाटकगृहांत होत नसे. तोही मेजवानीच्याच रूपानें होई. ता. २९ फेब्रुवारी १९४० रोजीं लॉस एंजेलिस शहरांतील ॲम्बॅसडर हॉटेलच्या 'कोकोनट ग्रोव्ह' नामक दालनांत अशी बारावी मेजवानी झाली. 'गॉन विथ द विंड' या चित्रपटांतील दाईच्या भूमिकेबद्दल त्या रात्रीं हॅटी मॅक्डॅनियल या अभिनेत्रीस सहायक भूमिकेचें पारितोषिक मिळालें. तिचा बाप गुलामगिरींत जन्मला होता आणि ज्या यादवी युद्धानें गुलामगिरीचा अंत केला, त्यांत तो उत्तरेच्या सैन्यांत लढला होता. ती स्वतः १९२९ च्या आर्थिक संकटानंतर मिल्वॉकी शहरानजीकच्या एका क्लबाच्या स्वच्छतागृहांत चाकरी करीत होती. तेथेंच तिला गाण्याची संधि मिळाली व तिचें दैव उघडलें. ऑस्कर मिळविणारी ती पहिलीच कृष्णवर्णीय व्यक्ति होय.

परंतु त्या हॉटेलांत कृष्णवर्णीयांस प्रवेश नव्हता. चित्रपटाचे निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांस तिच्यासाठीं खास रदबदली करावी लागली, तेव्हां कोठें तिला आंत येऊं दिलें. तिच्याच चित्रपटांतील इतर नटनटी एका मोठ्या टेबलाभोंवतीं एकत्र बसलीं होतीं. तिच्यासाठीं मात्र पलीकडे, भिंतीशीं, एक लहानसें टेबल मांडलेलें होतें. नांव पुकारलें गेलें तेव्हां ती तेथून उठली, टाळ्यांच्या गजरांत व्यासपीठापर्यंत गेली, आपल्या लोकांस व चित्रपटव्यवसायास आपण सदैव भूषण ठरावें अशी इच्छा तिनें सद्गदित कंठानें प्रकट केली, आणि ती परत त्याच भिंतीशीं येऊन बसली. अडीच महिन्यांपूर्वीं अटलांटा शहरीं याच चित्रपटाचा पहिला खेळ मोठ्या समारंभानें झाला होता. जॉर्जिया संस्थानांतील वर्णभेदाच्या कायद्यांमुळें तेथें तर तिला पाऊलही ठेवतां आलें नव्हतें. सारांश, तिला पारितोषिक मिळालें, पण पंगत मिळाली नाहीं.

पंगतीची ही गोष्ट पुढें घराच्या व मरणाच्या दारापर्यंत गेली. हॅटी मॅक्डॅनियल हिनें लॉस एंजेलिसच्या 'शुगर हिल' भागांत घर घेतलें, तेव्हां या भागांतील घरें कृष्णवर्णीयांस विकूं नयेत असा जुना करार पुढें करून गोऱ्या शेजाऱ्यांनीं दावा लाविला. तिनें व तिच्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांनीं तो धैर्यानें लढविला आणि डिसेंबर १९४५ मध्यें न्यायाधीशांनीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. १९५२ सालीं तिचें निधन झालें. हॉलिवूडच्या प्रसिद्ध दफनभूमींत आपणांस पुरावें अशी तिची इच्छा होती. परंतु ती भूमि केवळ गोऱ्यांसाठीं राखलेली असल्यामुळें तिला तेथें जागा मिळाली नाहीं. १९९९ सालीं त्या दफनभूमीच्या नव्या व्यवस्थापकांनीं तेथें तिच्या स्मरणार्थ एक शिला उभारली. आपलें पारितोषिक तिनें वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठास दिलें होतें. तें पुढें हरवलें. ऑक्टोबर २०२३ मध्यें अकॅडमीनें त्याच्या बदलीं दुसरें करून त्या विद्यापीठाच्या स्वाधीन केलें. जिवंतपणीं नाकारलेल्या एकेका जागेची भरपाई होण्यास अशीं पन्नास-पन्नास, ऐशीं-ऐशीं वर्षें लागलीं.

जेवणाच्या टेबलाचा हा प्रश्न केवळ नटनटींचा होता असें मात्र कोणी समजूं नये. आमच्या विद्यार्थी वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, अमेरिकेंत या प्रश्नास मोठी गति दिली ती विद्यार्थ्यांनीं. ता. १ फेब्रुवारी १९६० रोजीं नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील ग्रीन्सबरो गांवीं चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थ नांवाच्या मोठ्या दुकानांत गेले. त्या दुकानांत इतर मालाचे पैसे त्यांच्याकडून आनंदानें घेतले जात. परंतु दुपारच्या फराळाच्या टेबलाशीं त्यांस बसूं देत नसत. ते चौघे त्या टेबलाशीं जाऊन बसले. त्यांनीं कॉफी मागितली. ती मिळाली नाहीं. ते दुकान बंद होईपर्यंत शांतपणें बसून राहिले. दुसऱ्या दिवशीं आणखी विद्यार्थी आले, तिसऱ्या दिवशीं त्याहून अधिक. जवळच्या बेनेट कॉलेजांतील विद्यार्थिनीही त्यांत होत्या. पुढें हें लोण गांवोगांवीं पसरलें. अखेर ता. २५ जुलै १९६० रोजीं त्या टेबलाशीं कृष्णवर्णीयांस प्रथम अन्न वाढण्यांत आलें, आणि १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें हॉटेलें, खाणावळी, नाटकगृहें इत्यादि सार्वजनिक ठिकाणीं वर्णभेद करणें सर्व देशांत बेकायदेशीर ठरलें.

कायद्यानें दार उघडलें. तथापि आंत गेल्यावर पान मांडणें हें कायद्याच्या हातचें नसतें. चित्रपटाच्या जगांत तें निर्माते, दिग्दर्शक व मतदार यांच्या हातीं असतें. १९५५ सालीं डोरोथी डँड्रिज ही मुख्य भूमिकेच्या ऑस्करसाठीं नामनिर्देश झालेली पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री ठरली. पारितोषिक मात्र तिला मिळालें नाहीं. हॅटी मॅक्डॅनियल हिच्यानंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीस, म्हणजे वूपी गोल्डबर्ग हिला, अभिनयाचें ऑस्कर मिळालें तें १९९१ सालीं. मध्यें एक्कावन वर्षें लोटलीं. मुख्य भूमिकेचें पारितोषिक प्रथम २००२ सालीं हॅली बेरी हिला मिळालें, आणि तें स्वीकारतांना तिनें डोरोथी डँड्रिजसारख्या आपल्या पूर्वगामिनींचीं नांवें आदरानें घेतलीं. त्यानंतर २०२५ पर्यंत झालेल्या एकाही समारंभांत दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीस तें मिळालें नाहीं.

असें कां व्हावें? या स्त्रियांच्या अंगीं गुण नव्हते म्हणून काय? मुळींच नाहीं. भूमिका मिळाल्यावांचून अभिनय दाखवितां येत नाहीं, आणि भूमिका लिहिणारा व वांटणारा जो असतो त्याच्या कल्पनेंत कृष्णवर्णीय स्त्री म्हणजे स्वयंपाकीण किंवा मोलकरीण एवढेंच चित्र असेल, तर तिच्या वांट्यास दुसरें काय येणार? हॅटी मॅक्डॅनियल हिची बहुतेक सारी हयात पडद्यावर चाकरीणींच्या भूमिका करण्यांत गेली, आणि त्याबद्दल तिच्याच समाजांतील पुढाऱ्यांनीं तिला दोषही दिला. मत देणाऱ्यांची गोष्टही तशीच. २०१२ सालीं 'लॉस एंजेलिस टाइम्स' या वृत्तपत्रानें अकॅडमीच्या मतदारांची पाहणी केली. त्यांत शेंकडा ९४ गोरे व शेंकडा ७७ पुरुष असल्याचें आढळून आलें. पुढें २०१५ व २०१६ या लागोपाठच्या दोन वर्षीं अभिनयासाठीं नामनिर्देश झालेल्या वीसच्या वीस व्यक्ति गोऱ्या निघाल्या, तेव्हां सर्वत्र मोठा गहजब झाला आणि अकॅडमीनें आपलें सभासदत्व अधिक व्यापक करण्याचा निश्चय जाहीर केला. २०१५ सालीं व्हायोला डेव्हिस हिला दूरचित्रवाणीवरील गंभीर नाट्यांतील मुख्य भूमिकेचें 'एमी' पारितोषिक मिळालें. तें मिळविणारी ती पहिलीच कृष्णवर्णीय स्त्री. त्या प्रसंगीं ती बोलली त्याचा मथितार्थ असा कीं, आमच्यांत व इतरांत अंतर असेल तर तें संधीचें आहे. ज्या भूमिका कोणी लिहिल्याच नाहींत, त्यांबद्दल पारितोषिक मिळविणें कोणासही शक्य नाहीं.

आतां 'इसेन्स'ची पंगत ऑस्करच्या शेजारीं कां बसते, तें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. जेथें एकेका पानासाठीं पन्नास वर्षें थांबावें लागतें, तेथें थांबणाऱ्यांनीं आपल्याच हातांनीं पानें मांडावयाचें ठरविलें. या दोन समारंभांतील एक भेद विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. ऑस्करमध्यें अभिनयाच्या प्रत्येक पारितोषिकासाठीं पांच नांवें पुढें येतात. एक जिंकतें व चार हरतात, आणि हरलेल्यांस सर्व जगाच्या डोळ्यांपुढें हंसतमुखानें टाळ्या वाजवाव्या लागतात. 'इसेन्स'च्या पंगतींत स्पर्धाच नाहीं. त्या वर्षीं कोणाचा सत्कार व्हावयाचा तें आधींच ठरलेलें व जाहीर झालेलें असतें. बहुधा तिघी-चौघींची निवड होते. प्रत्येकीची ओळख तिची एखादी सहकारी किंवा स्नेही व्यक्ति करून देते; मग सत्कारमूर्ति उठून चार शब्द बोलते. पराभूत अशी तेथें कोणीच नसते.

शिवाय सत्कार होतो तो केवळ पडद्यावर चमकणाऱ्या नटींचाच असें नाहीं. २०१४ सालीं ज्यांचा गौरव झाला, त्यांत दूरचित्रवाणीच्या सम्राज्ञी ओप्रा विन्फ्री होत्या. त्याचप्रमाणें केसी लेमन्स या चित्रपट-दिग्दर्शिका आणि आदल्याच वर्षीं अकॅडमीच्या अध्यक्षपदीं निवडून आलेल्या शेरिल बून आयझॅक्स याही होत्या. अकॅडमीचें अध्यक्षपद भूषविणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ति त्याच होत. २०१८ सालीं लेखिका लीना वेथ हिचा, तर २०२० सालीं दिग्दर्शिका मेलिना मात्सुकास हिचा सन्मान झाला. कथा लिहिणारी, चित्रपट रचणारी, कारभार पाहणारी व अभिनय करणारी अशा सर्वजणी एका दालनांत एकत्र येतात, हा या भोजनाचा खरा लाभ आहे. चित्रपटाच्या धंद्यांत बहुतेक कामें ओळखीवर मिळतात. स्टुडिओच्या एखाद्या खोलींत एकटीच कृष्णवर्णीय स्त्री असावी, तिनें आपली अडचण कोणापाशीं बोलूं नये, असा जेथें नित्याचा अनुभव, तेथें वर्षांतून एकदां आपल्यासारख्या शेंकडोजणी पाहावयास मिळणें हें केवढें बळ असेल, याची कल्पना करावी.

कोणी म्हणेल, हें सारें ठीक. परंतु एवढा थाटमाट कशासाठीं? समारंभाच्या दाराशीं छायाचित्रकारांची झुंबड उडालेली असते. नामांकित शिंप्यांनीं शिवलेलीं झगझगीत वस्त्रें, रत्नांचे अलंकार व परोपरीच्या केशरचना यांचें जणूं प्रदर्शनच तेथें भरतें. साधेपणा हें भूषण मानणाऱ्या आपल्यासारख्यांस हा सोस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि येथेंही थोडा विचार करणें अवश्य आहे.

रंगीत छायाचित्रांचा प्रसार झाला, तेव्हां कोडॅक कंपनी छायाचित्रें छापणाऱ्यांस रंग जुळविण्यासाठीं नमुन्याचें एक चित्र पुरवीत असे. त्यांत एक गोरी तरुणी असे, व पहिल्या तरुणीच्या नांवावरून त्यास 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या तरुणीच्या कांतीचा रंग ठीक उठला, कीं यंत्र बरोबर लागलें असें समजत. परिणाम असा होई कीं, वर्गाच्या एकाच छायाचित्रांत गोरीं व काळीं मुलें शेजारीं शेजारीं बसलीं असतां गोऱ्या मुलांचे चेहरे स्पष्ट उठत, आणि काळ्या मुलांचे केवळ डोळे व दांत दिसत. आयाबायांनीं याबद्दल तक्रारी केल्या, त्यांचा फारसा उपयोग झाला नाहीं. पुढें लांकडी सामानाचे व चॉकलेटचे कारखानदार आमच्या मालाच्या तपकिरी छटा जाहिरातींत नीट उठत नाहींत म्हणून कुरकूर करूं लागले, तेव्हां ही उणीव दूर करण्याची निकड भासली. ज्यांचा चेहरा कित्येक वर्षें छायाचित्रांत धड उमटलाच नाहीं, त्यांच्या मुलींनीं आज उत्तम वस्त्रें लेऊन, ताठ मानेनें, दिव्यांच्या लखलखाटांत उभें राहून आपलें चित्र काढवून घ्यावें, यांत केवळ नटवेपणा आहे असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

तथापि त्या दालनांतील सर्वांत मोलाची गोष्ट वस्त्रांची नसून शब्दांची असते. उदाहरणार्थ, ता. २७ फेब्रुवारी १९१४ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २०१४ सालच्या त्याच तारखेस, बेव्हर्ली हिल्स हॉटेलांत झालेल्या भोजनप्रसंगीं लुपिता न्याँगो या तरुण अभिनेत्रीनें केलेलें भाषण घ्या. केनियांत वाढलेल्या या मुलीनें 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' या चित्रपटांत एका गुलाम स्त्रीची भूमिका केली होती, आणि तीनच दिवसांनीं तिला त्याबद्दल ऑस्करही मिळावयाचें होतें. आपल्या विजयाविषयीं ती फारसें बोललीच नाहीं. एका अनोळखी मुलीनें तिला पत्र लिहिलें होतें: आपली कांति उजळ करण्यासाठीं ती मुलगी एक मलम विकत घेण्याच्या बेतांत होती, इतक्यांत लुपितासारखी काळीसांवळी स्त्री सर्व जगांत वाखाणली जात असलेली तिनें पाहिली व तिचें मन फिरलें. हें पत्र सांगून लुपितानें आपली स्वतःची गोष्ट सांगितली. लहानपणीं ती रोज रात्रीं देवाजवळ गोरेपणा मागे आणि सकाळीं उठून आरशांत पाहून निराश होई. देवाशीं ती नवसाचा सौदाही करी: साखर चोरून खाणार नाहीं, आईचें ऐकेन, पण मला थोडी उजळ कर. पुढें सुदानांतील अलेक वेक ही अत्यंत काळ्या वर्णाची तरुणी प्रतिष्ठित मासिकांत झळकूं लागली, तेव्हां आपल्यासारखीलाही कोणी सुंदर म्हणूं शकतें, हें तिला प्रथम उमगलें. तिची आई म्हणे कीं, सौंदर्य कांहीं खातां येत नाहीं, त्यानें पोट भरत नाहीं. त्या बोलण्याचा अर्थ तिला मोठेपणीं कळला: मनुष्यास तारतें तें रूप नव्हे, तर स्वतःविषयीं व इतरांविषयीं वाटणारी करुणा. २०१९ सालीं तिनें याच विषयावर 'सुल्वे' नांवाचें लहान मुलांचें पुस्तकही लिहिलें.

आमच्या भगिनी वाचकांस हें भाषण परकें वाटेल काय? ज्या समाजांत वर्तमानपत्रांतील विवाहविषयक जाहिरातींत 'गोरी' हा शब्द शिक्षणाच्याही आधीं येतो, ज्या घरांत सांवळ्या मुलीस दुधाची साय व हळद लावतांना आजी सुस्कारा टाकते, त्या समाजाला व त्या घराला लुपिताची प्रार्थना चांगलीच ओळखीची आहे. भारतांत गोरेपणाचीं मलमें पिढ्यान्पिढ्या खपत आलीं आहेत. त्यांतील एका अतिप्रसिद्ध मलमाच्या नांवांतून गोरेपणाचा शब्द २०२० सालीं काढून टाकण्यांत आला; मनांतून तो अद्याप निघावयाचा आहे.

महाराष्ट्राचा या इतिहासाशीं संबंध याहूनही जुना व अधिक अभिमानास्पद आहे. पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले महात्मा जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, आणि १८७३ सालीं लिहिलेला आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९४६ सालीं कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान् पुढारी डू बॉइस यांस पत्र लिहून उभय समाजांच्या स्थितींतील साम्य निदर्शनास आणलें. पाण्याचा हौद, जेवणाचें पान व बसण्याची जागा यांवरून होणारा मनुष्याचा अपमान सर्वत्र एकाच जातीचा असतो, हें या दोघां पुरुषांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें.

या समारंभावर घेण्यांत येणाऱ्या आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, वेगळी पंगत मांडणें म्हणजे भेद कायम ठेवणेंच नव्हे काय? आमच्या मतें दुसऱ्यानें भिंतीशीं बसविणें निराळें, आणि आपल्या घरीं आपण पानें मांडणें निराळें. पहिल्यांत बसणाऱ्याची इच्छा विचारली जात नाहीं. दुसऱ्यांत तो यजमान असतो. या पंगतींतील स्त्रियांनीं ऑस्करच्या पंगतीवरचा आपला हक्क सोडलेला नाहीं. येथून उठून त्या रविवारीं तेथें जातातच. दुसरा आक्षेप असा कीं, या समारंभाचा खर्च मोटारी व प्रसाधनें विकणाऱ्या कंपन्या उचलतात, व त्यांस आपल्या मालाची जाहिरात हवी असते. हें खोटें नाहीं. रूपाच्या बाजाराविरुद्धचें भाषण रूपाच्या व्यापाऱ्यांच्या पैशानें होत असेल, तर त्यांतील विसंगति नजरेआड करूं नये. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. एका नटीच्या गळ्यांत हार पडल्यानें दुसऱ्याच्या घरीं भांडीं घासणाऱ्या स्त्रीचें वेतन वाढत नाहीं. याचें पूर्ण उत्तर या समारंभापाशीं नाहीं, व कोणत्याही समारंभापाशीं तें असूं शकत नाहीं. मात्र भांडीं घासणाऱ्या त्या स्त्रीच्या मुलीनें पडद्यावर आपल्यासारखा चेहरा वैद्याच्या, न्यायाधीशाच्या किंवा राणीच्या वेषांत पाहिला, तर तिच्या मनांतील मर्यादा थोड्या सरकतात, एवढें फळ कांहीं लहान नव्हे.

अलीकडील वर्षांत कांहीं दारें उघडलींही आहेत. ज्येष्ठ अभिनेत्री सिसिली टायसन यांस २०१८ सालीं, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं, सन्माननीय ऑस्कर देण्यांत आलें; असा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. वेषरचनाकार रूथ कार्टर हिनें २०१९ सालीं व पुन्हा २०२३ सालीं ऑस्कर मिळविलें. दोन ऑस्कर मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री तीच. २०१० सालीं मोनीक या अभिनेत्रीस सहायक भूमिकेचें पारितोषिक मिळालें, तेव्हां ती केंसांत गार्डेनियाचीं शुभ्र फुलें माळून आली होती. सत्तर वर्षांपूर्वीं भिंतीशीं बसलेल्या हॅटी मॅक्डॅनियल हिनें त्या रात्रीं तींच फुलें माळलीं होतीं.

ज्या ॲम्बॅसडर हॉटेलांत तें लहानसें टेबल मांडलें होतें, तें हॉटेल आज उभें नाहीं. तें पाडून त्या जागीं २०१० पर्यंत रॉबर्ट केनेडी यांच्या नांवानें शाळांचा एक समूह उभारण्यांत आला. जेथें दाराशीं रंग पाहून माणसास अडविलें जाई, तेथें आज नाना वर्णांचीं मुलें एका बांकावर बसून शिकतात व मधल्या सुटींत एकत्र जेवतात.

आमच्या शाळेंतही दरवर्षीं पारितोषिक-समारंभ होतो आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशीं पंगत बसते. बक्षिसें कोणास मिळालीं, याची यादी या अंकांत इतरत्र छापलेली असेलच. पंगतींत कोण कोणाशेजारीं बसलें, कोणास कोणीं हांक मारून जवळ बोलाविलें आणि कोण एकटेंच भिंतीशीं जेवून उठलें, याची यादी कोणी छापत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, पुढील संमेलनांत ती यादी ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं करून पाहावी. आणि भिंतीशीं कोणी दिसल्यास आपलें पान उचलून तेथें जावें, किंवा त्याचें पान आपल्याजवळ आणावें, एवढीच आमची विनंति आहे.